वीस मिनिटं न थांबणारी गाडी

चौथ्या मजल्यावरच्या लिफ्टमनविषयी मिस्त्रींना नेमकं काय माहीत होतं, असं कुणी विचारलं तर सांगण्यासारखं फार थोडं निघेल. त्यांच्या खेळण्यातल्या गाडीच्या रुळांवर किती व्होल्ट असतात हे माहीत होतं. टेबलावरचा एक फेरा पुरा करायला तिला छत्तीस सेकंद लागतात हे माहीत होतं. पण त्यांचं लग्न कसं जमलं, त्यांना भावंडं होती की नाही, त्यांना कधी राग यायचा का, यातलं काही माहीत नव्हतं. ओळख जेमतेम सव्वा वर्षाची, तीही सगळी जिन्यातली. एवढ्यावर एखाद्या माणसाबद्दल बोलावं की नाही, याची मिस्त्रींना अजून खात्री नाही.

मिस्त्री खालच्या, तिसऱ्या मजल्यावर एकटेच राहतात. जन्मभर त्यांनी जळालेले ट्रान्सफॉर्मर आणि पंख्यांच्या मोटारी भरून दिल्या. जुनी तार सोडवायची, नवी तांब्याची तार एकेक फेरा मोजत गुंडाळायची, आकडा तेवढा मोठ्याने म्हणायचा. मध्येच कुणी हाक मारली आणि आकडा चुकला, की सगळं उलगडून पुन्हा एकपासून. त्यामुळे म्हणा किंवा मुळातच स्वभाव तसा म्हणून म्हणा, आकड्यांपलीकडे त्यांच्या तोंडून फारसं काही निघत नाही.

लिफ्टमनचं तसं नव्हतं. नऊ मजली कचेरीत चौतीस वर्षं लिफ्ट चालवलेला माणूस. कचेरीतले लोक त्यांना 'वरखाली' म्हणायचे. निवृत्त होऊन ते राहायला आले ते नेमके लिफ्ट नसलेल्या इमारतीत, आणि तेही चौथ्या मजल्यावर. "आयुष्यभर लोकांना फुकट वर नेलं," ते म्हणायचे, "आता मला वर न्यायला एकच जण येईल, आणि तो मात्र परत खाली सोडणार नाही."

पहिल्यांदा त्यांनी मिस्त्रींना हाक मारली ती जिन्याच्या कठड्यावरून वाकून.

"मिस्त्री! काहीतरी जळल्याचा वास येतोय. जरा नाक घेऊन वर या."

मिस्त्री वर गेले. दार वीतभर उघडलं, मध्ये साखळी. त्या फटीतून एक तापलेला डबा बाहेर आला. खेळण्यातल्या रेल्वेचा जुना ट्रान्सफॉर्मर, पुढे वेग कमी-जास्त करायची मूठ.

"आत या म्हणालो असतो," लिफ्टमन हळू आवाजात म्हणाले, "पण हिला परकं माणूस घरात चालत नाही. किंचाळते. दोन बाया ठेवल्या होत्या, दोघी तिसऱ्या दिवशी पळाल्या."

फटीतून खोलीची एक पट्टी दिसत होती. टेबलाचा कोपरा, त्यावर रूळ, रुळावर उभं हिरवं इंजिन आणि दोन डबे. टेबलापलीकडे खुर्चीत बसलेल्या वहिनी. केस नीट विंचरलेले, दोन्ही बाजूंना पिना, नजर त्या इंजिनावर. पुढे सव्वा वर्षात मिस्त्रींनी ती खोली पाहिली ती एवढीच, पट्टीपट्टीने.

वहिनी हळूहळू सगळं विसरत चालल्या होत्या. दार उघडं राहिलं की निघून जायच्या. एकदा चौकापलीकडे अनवाणी सापडल्या होत्या. परगावी असलेली मुलगी फोनवर रडली होती आणि म्हणाली होती, "बाबा, पुन्हा असं झालं तर मी आईला तिकडे नाही ठेवू देणार." तेव्हापासून दाराला आतून कुलूप, आणि किल्ली लिफ्टमनच्या गळ्यात, दोरीला. वाणी सामान दाराशी ठेवायचा. मुलगी दोन महिन्यांतून एकदा यायची, तेव्हा लिफ्टमन खाली उतरायचे ते थेट दवाखान्यात आणि बँकेत, धावतपळत.

नातवाची ही जुनी रेल्वे मुलीने कधीतरी माळ्यावर टाकून दिली होती. लिफ्टमनने ती सहज म्हणून टेबलावर मांडली आणि त्यांना शोध लागला. गाडी चालू असली की वहिनी शांत बसायच्या, एकटक बघत. मात्र गाडी थांबली की उठून दाराकडे जायच्या.

"कामावर जायची तेव्हा रोज गाडीने जायची ना," लिफ्टमन म्हणाले. "बाकी सगळं पुसलं गेलं. गाडी थांबली की उतरायचं, एवढं मात्र पक्कं बसलंय."

"मग थांबवायची नाही," मिस्त्री म्हणाले.

"वा! डोकं आहे तुम्हाला. अहो, मी कुठे थांबवतो? तीच थांबते. हळू चालवली की मध्येच रुसते. जोरात सोडली तर हिला गरगरतं, मग डोळे झाकून घेते आणि आणखीनच घाबरते."

मिस्त्रींनी डबा घरी नेऊन उघडला. जुन्या पद्धतीची ही गाडी म्हणजे रुळात जेवढे व्होल्ट सोडाल तेवढीच तिची ताकद. हळू चालवायची तर व्होल्ट कमी करावे लागतात, आणि कमी व्होल्टवर रुळावरचा धुळीचा एक कणही तिला आडवा येतो. ट्रान्सफॉर्मर नवा भरला तरी हा दोष जाणारा नव्हता. त्यांनी वर जाऊन तसं सांगितलं.

"मग दुसरा काही उपाय?"

"डिजिटल म्हणून एक प्रकार असतो. रुळांत कायम पूर्ण व्होल्ट. इंजिनाच्या पोटात एक चिप बसवायची. किती वेगाने जायचं ते तिला हुकमाने सांगायचं, ताकद मात्र भरपूर मिळते. मुंगीसारखी चालेल. आणि चिपेला करंट साठवणारा एक तुकडा जोडता येतो. धुळीवरून जाताना क्षणभर पुरवठा तुटला तरी गाडी त्याच्यावर पुढे सरकते." एवढं लांबलचक बोलून मिस्त्रींचाच घसा सुकला. "अर्थात, मला त्यातलं फारसं कळत नाही."

लिफ्टमनने मागे वळून खुर्चीकडे पाहिलं. मग साखळीपाशी तोंड आणून म्हणाले, "मिस्त्री, किती वेळ चालेल न थांबता? मला वीस मिनिटं हवीत."

"कशाला?"

"खाली जायला. चौकात बाक आहे ना, तिथवर. बसायचं, चार माणसं बघायची, परत यायचं. चौदा महिने झाले." ते हसले. "लोक म्हणायचे, चौतीस वर्षं पिंजऱ्यात काढलीत. अहो, पण त्या पिंजऱ्याचं दार दर मिनिटाला उघडायचं!"

आपल्यावर काय येऊन पडलंय हे मिस्त्रींना त्या क्षणी समजलं. पंखा बिघडला तर माणूस घामाघूम होतो, एवढंच. इथे एका माणसाची चौदा महिने आसुसून वाट पाहिलेली वीस मिनिटं होती.

डिजिटल कंट्रोलचा डबा कोणता घ्यायचा हे लवकर ठरलं. दुकानदार फोनवर मोठमोठे सांगत होता, शंभर इंजिनं चालवा म्हणे. मिस्त्रींनी सगळ्यांत साधा मागितला. एक फिरवायची मूठ, दहा बटणं, बस. घोडं अडलं ते वीजपुरवठ्यावर. त्या कंट्रोलला वीज पुरवणारे डबे दोन प्रकारचे मिळत होते, एक पाच अँपिअरचा, एक दीड अँपिअरचा. आपणच एक ट्रान्सफॉर्मर भरून द्यावा, असंही मिस्त्रींच्या मनात येऊन गेलं. मग स्वतःशीच खजील होऊन त्यांनी ते सोडलं. हाताने भरलेला ट्रान्सफॉर्मर लोड नसताना दोन-चार व्होल्ट वर चढतो. पंख्याला त्याचं काही वाटत नाही, चिप जळून जाईल.

दोन्हींचे कागद घेऊन ते जिन्यात बसले. लिफ्टमन फटीतून चष्मा सावरत वाचत होते.

"मोठाच घ्या," ते म्हणाले. "तुम्हीच तर सगळ्यांना सांगता, ताकद नेहमी जास्तीची ठेवा म्हणून. वाण्याच्या फ्रीजच्या वेळी सांगितलं होतंत की नाही?"

"सांगितलं होतं."

"मग?"

मिस्त्रींनी बराच वेळ कागदाची घडी घातली आणि उलगडली. "समजा, गाडी रुळावरून उतरली. दोन्ही रूळ धातूने जोडले गेले. दीडवाला लगेच ट्रिप होईल, सगळं बंद पडेल. पाचवाला करंट ढकलत राहील. जिथे चिकटलंय तिथे तापेल. टेबल लाकडाचं, वर कापड."

"आणि दीडवाला क्षुल्लक कारणाने बंद पडला तर? गाडी थांबणार. ही उठणार."

"उठू दे."

"उठू दे काय, मिस्त्री!"

"उठल्या, तर दाराला कुलूप आहे," मिस्त्री म्हणाले. "पेटलं, तरीही दाराला कुलूप आहे."

लिफ्टमनने चष्मा काढला. फटीत नुसती साखळी उरली. मग आतून आवाज आला, "लहानच मागवा."

सामान आलं. चिप मिस्त्रींनी आपल्या खोलीत भिंगाखाली धरून इंजिनात सोल्डर करून बसवली. टेबलावरची जोडणी मात्र लिफ्टमनलाच करावी लागली, मिस्त्री बाहेर पायरीवर आणि सूचना फटीतून आत. लाल तार कुठे, काळी कुठे, असं दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी आतून वैतागलेला सूर आला.

"मिस्त्री, हे बिघडलेलं यंत्र दिलंत. मी चार दाबतोय, हलत नाही. दोन दाबतोय, हलत नाही."

"चार का दाबताय?"

"चौथ्या स्टेशनवर न्यायचीय म्हणून! पुठ्ठ्याची पाच स्टेशनं केलीयत मी, आकडे घालून. हिला बघायला बरं."

मिस्त्रींना हसू आवरेना. "अहो भाऊ, तो आकडा मुक्कामाचा नाही, इंजिनाचा आहे. नव्या चिपेचा नंबर तीन असतो. तीन दाबलं की हे इंजिन ऐकेल. कुठे जायचं ते नाही सांगायचं, कोणी जायचं ते सांगायचं."

आत तीनचं बटण दाबल्याचा बारीक टक आवाज, आणि पाठोपाठ एकसारखी घरघर, मांजर झोपेत करतं तशी.

"कोणी जायचं," लिफ्टमन स्वतःशीच म्हणाले. "चौतीस वर्षांत हे कुणी विचारलं नाही. कुठे जायचं, एवढंच विचारायचे."

आठवडाभर त्यांनी घरातच तालीम केली. वहिनींच्या खुर्चीमागे घड्याळ घेऊन बसायचे. पंधरा मिनिटं, अठरा मिनिटं, पंचवीस मिनिटं. गाडी एकदाही थांबली नाही. मग मंगळवारी दुपारी चार वाजता ते दाराबाहेर आले. मिस्त्रींनी त्यांना अख्खं असं प्रथमच पाहिलं. वाटलं होतं त्यापेक्षा ठेंगणे होते. इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. दार ओढून त्यांनी बाहेरून कुलूप घातलं, दोनदा ओढून पाहिलं, किल्ली गळ्यात टाकली.

"तुम्ही इथे पायरीवर बसा. घरघर ऐकू येतेय ना? बस, तेवढंच ऐकत राहा."

बूट वाजवत ते खाली गेले. मिस्त्री कान लावून बसले. नवव्या मिनिटाला घरघर बंद झाली.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, आपलेच कान गेले. मग आत खुर्ची सरकली. पावलं दारापर्यंत आली. दाराची मूठ फिरली, पुन्हा फिरली.

"थांबली," आतून वहिनींचा आवाज. "मला उतरायचंय. दार उघडा."

मिस्त्री उठून उभे राहिले. किल्ली खाली गेली होती. ती मागून घ्यावी हे त्यांना सुचलं नव्हतं, आणि ती देऊन जावी हे लिफ्टमनला सुचलं नव्हतं. लिफ्टची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही हा कचेरीचा नियम त्यांच्या अंगात मुरलेला. एका माणसाला मागायचा संकोच, दुसऱ्याला द्यायची सवय नाही, आणि मध्ये बंद दार.

"दार उघडा! पुढे नेतील मला!" वहिनी दारावर थापा मारू लागल्या. आवाजात रडू आलं.

काहीतरी बोलायला हवं होतं. दुसरं कुणी असतं तर काहीही बोललं असतं, गोडगोड, खोटंनाटं. मिस्त्रींनी कपाळ दाराला टेकवलं आणि जे येत होतं ते सुरू केलं.

"एक," ते म्हणाले. "दोन. तीन. चार."

थापा चालूच होत्या. मिस्त्रींनी हातात तार असल्यासारखी सावकाश लय धरली. चाळिसाच्या सुमारास थापा विरळ झाल्या. सत्तरला थांबल्या. दारापलीकडे कपडे घासल्याचा आवाज झाला. बहुधा त्या जमिनीवर बसल्या. मिस्त्रीही पायरीवर टेकले, मोजत मोजत.

एकशे वीसला त्यांची नजर कठड्याच्या गजांतून खाली गेली. अर्धा जिना खाली, वळणावरच्या चौकोनी जागेत, कठड्यावर एक हात होता. शर्टाची इस्त्रीची बाही, पॉलिश केलेल्या बुटाचं टोक. हात हलत नव्हता. वरचं सगळं तिथवर स्वच्छ ऐकू येत असणार.

मिस्त्रींचा आकडा तुटला. ते थांबले. आता सगळं उलगडून पुन्हा एकपासून, असं जन्माच्या सवयीने त्यांच्या मनात आलं.

"एकशे एकवीस," आतून वहिनी म्हणाल्या.

"एकशे बावीस," मिस्त्री म्हणाले.

हाक मारता आली असती. 'भाऊ, किल्ली' एवढेच दोन शब्द. मिस्त्रींनी मारली नाही. का, ते त्यांना आजही नीट सांगता येत नाही. त्या हाताने कठडा ज्या तऱ्हेने धरला होता, ते पाहून मारवली नाही. ते मोजत राहिले. एक आकडा बाहेरून, एक आतून. दोनशे, तीनशे. हात तिथेच.

चारशे बाराला, बरोबर विसाव्या मिनिटाला, बूट वाजले. लिफ्टमन वर आले, जरा जास्तच धापा टाकत.

"काय झालं?"

"गाडी थांबली."

"बराच वेळ झाला?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. "आत्ताच."

लिफ्टमनने त्यांच्याकडे पाहिलं नाही. कुलूप उघडून आत गेले. थोड्या वेळाने फटीतून केसांची एक पिन बाहेर आली. वहिनींच्या केसांतून गळून ती दोन्ही रुळांवर आडवी पडली होती. मिस्त्रींनी ती बोटात धरली. साधी कोमटसुद्धा नव्हती.

"मोठा पुरवठा असता तर ही लाल झाली असती," ते म्हणाले.

"हो," लिफ्टमन म्हणाले. "तुमचं बरोबर होतं."

दुसऱ्या दिवसापासून वहिनींच्या केसांना पिनांऐवजी रिबन आली. शुक्रवारी चार वाजता लिफ्टमन बाहेर आले, कुलूप लावलं, आणि किल्ली गळ्यातून काढून मिस्त्रींच्या तळहातावर ठेवली. हाताची बोटं लगेच सुटली नाहीत, पण सुटली.

"जातो मग," म्हणून ते उतरले.

मिस्त्रींनी त्या दिवशी घरघरीबरोबर बूटही ऐकले. बूट वाजले आठ पायऱ्या. मग वळणावर थांबले. पुढे वाजले नाहीत. वीस मिनिटांनी तेच बूट आठ पायऱ्या वर आले.

मंगळवारीही तसंच. पुढच्या शुक्रवारीही. गाडी आता थांबत नव्हती, किल्ली मिस्त्रींच्या मुठीत होती, खाली जायला आडकाठी कसली नव्हती. लिफ्टमन शर्टाला इस्त्री करायचे, बुटांना पॉलिश करायचे आणि अर्धा जिना उतरून उभे राहायचे. तिथून वहिनींचं खोकणंसुद्धा ऐकू येतं. मिस्त्रींनी नंतर एकदा स्वतः उभं राहून पाहिलं. समोर भिंत आहे आणि विजेचे मीटर.

पहिल्या मंगळवारी ते खाली रस्त्यापर्यंत गेले होते की तेव्हाही वळणावरच थांबले होते, हे मिस्त्रींना माहीत नाही. विचारावंसं पुष्कळदा वाटलं. पण मूग गिळून बसले. परत आल्यावर लिफ्टमन बाहेरच्या बातम्या द्यायचे, म्हणजे रस्ता खणलाय, कुणीतरी बाकावर कुत्रं झोपवलंय, अशा. मिस्त्री मान डोलवायचे. असं वर्षभर चाललं. कुणी कुणाला खोटं पाडलं नाही.

मग एका रविवारी सकाळी लिफ्टमन झोपेतून उठलेच नाहीत. वहिनी दोन तास टेबलापाशी बसून होत्या, उभ्या गाडीकडे बघत, आणि मग दारावर थापा मारू लागल्या. दार वाण्याने फोडलं. संध्याकाळी मुलगी आली. आईला घेऊन गेली, गाडी खोक्यात भरून बरोबर नेली. जाताना तिने मिस्त्रींना विचारलं, "बाबा तुमच्याशी बोलायचे ना? काय बोलायचे?" रुळांविषयी, असं काहीतरी ते म्हणाले.

बोलणं शेवटचं झालं ते आदल्या शुक्रवारी. चार वाजून वीस मिनिटांनी लिफ्टमन आठ पायऱ्या चढून आले. मिस्त्रींनी किल्ली पुढे केली.

"कसं आहे बाहेर?" मिस्त्रींनी विचारलं.

"बरं आहे. गर्दी आहे जरा."

"हो का."

"रूळ काळे पडलेत हो पुन्हा. पुसायला एखादं जुनं बनियन आहे का तुमच्याकडे?"

"आहे. मंगळवारी आणतो."

"चालेल," लिफ्टमन म्हणाले. "धुतलेलं आणा."